जिवाणूंच्या वासाने डास पळतात की येतात?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीत (पुणे, सिंहगड रस्ता, तीन मजली, जुनी) चार जणांना डेंगी झाला. त्यात आमचे सासरे. त्यांच्या प्लेटलेट २४ हजारांवर आल्या तो दिवस मी विसरणार नाही. तेव्हापासून घरात एक डास दिसला तरी मी बॅट घेऊन उभी असते.

परवा सोसायटीच्या ग्रुपवर ढकलपत्र आलं. म्हणे जिवाणूंच्या वासाने डास पळतात, कॉइल-बिइल फेकून द्या. खाली कुणाचं नाव नाही, गाव नाही. पण यात काहीतरी खरं असावं असं वाटलं म्हणून वाचत बसले, आणि दोन गोष्टी सापडल्या. गंमत अशी की दोन्ही एकमेकींच्या उलट आहेत.

एक, अमेरिकेत २०१९ मध्ये एका जिवाणूपासून असा अर्क काढला की डास रक्त प्यायला तोंड लावेनात. दोन, स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या मंडळींनी २०२० मध्ये दाखवलं की पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो, जो आपण छाती भरून घेतो, त्या वासामागे डेंगीच्या डासाची मादी अंडी घालायला येते! तो वासही जिवाणूंचाच. जिओस्मिन नावाचं द्रव्य, मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू ते बनवतात. एक लाख कोटी भाग पाण्यात पाच-दहा भाग असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं म्हणे.

बिटाला जो मातकट वास येतो तोही जिओस्मिनचाच. त्या लोकांनी बिटाची सालं वापरूनही माद्यांना भुलवलं. हे वाचल्यावर मला राहवेना. गच्चीवर दोन काळे प्लॅस्टिकचे डबे ठेवलेत. एकात नुसतं नळाचं पाणी, दुसऱ्यात बिटाची सालं भिजवलेलं पाणी. दोन्हींत कडेला खरखरीत खाकी कागदाची पट्टी. निकाल कळवते.

तोवर जाणकारांनी सांगावं: जिवाणूंचा वास नक्की काय करतो?

---

खोडसाळ बोका

पहिला मी. बिटाच्या सालांचं कळलं, आतल्या बिटाचं काय करणार आहात?

---

सूक्ष्मदर्शी

चांगला विषय. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. चहा घेऊन बसा.

तुम्हाला सापडलेल्या दोन गोष्टी उलट वाटतात, कारण दोन वेगळी कामं एकत्र झाली आहेत. मादी डास आयुष्यात दोन शोध घेते: रक्त कुठे मिळेल, आणि अंडी कुठे घालावीत. दोन्ही वेळी ती वासावर चालते आणि दोन्ही वेळी त्या वासामागे बहुधा जिवाणू असतात. त्यामुळे "जिवाणूंचा वास" म्हणून एकच एक काही नाही. "माणसांचा आवाज" आवडतो का असं विचारण्यासारखं आहे ते. कुणाचा, कशासाठी?

आधी अमेरिकेतलं प्रकरण. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात मयूर काजला, सुझन पास्केविट्झ आणि सहकाऱ्यांनी केलेलं ते काम. जिवाणूचं नाव झेनोऱ्हॅब्डस बुडापेस्टेन्सिस. तो मोकळा फिरत नाही, स्टाइनरनेमा नावाच्या सूत्रकृमीच्या पोटात राहतो. ही सूत्रकृमी मातीतल्या अळीच्या अंगात शिरते आणि तिथे जिवाणू सोडते. एक-दोन दिवसांत अळी मरते. मग जिवाणू अळीचं खाद्य करतात, सूत्रकृमी त्यावर वाढतात आणि पिल्लं जिवाणू पोटात घेऊन पुढच्या अळीकडे निघतात. या जिवाणूच्या अर्कातली फॅबक्लॅविन जातीची द्रव्यं कापडाला लावून ते कापड कृत्रिम रक्तावर ठेवलं, तर डास पिईनात. डेंगीवाला एडीस, हिवतापवाला अ‍ॅनोफिलीस आणि क्युलेक्स, तिन्ही. बरोबरीने तपासलेल्या डीट आणि पिकारिडिन या दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या डासरोधकांइतकंच किंवा त्याहून चांगलं काम झालं.

पण एक ग्यानबाची मेख आहे. फॅबक्लॅविनचे रेणू चांगले मोठे असतात, ते हवेत उडत नाहीत. म्हणजे हा वास नाहीच! डास जवळ येतो, टेकतो आणि मग त्याला नको होतं. वासापेक्षा चवीच्या जवळचं प्रकरण आहे हे. डीटचंही अर्धं काम असंच चालतं. डासाचे पाय डीट लावलेल्या कातडीला टेकले की तो उडून जातो, हे २०१९ मध्येच दुसऱ्या एका गटाने दाखवलं. तेव्हा ढकलपत्रातला "वास" तिथेच बाद.

दुसरं, फॅबक्लॅविन ही मुळात जिवाणू आणि बुरशी मारणारी जालीम द्रव्यं. कापडावर ठीक, लेकराच्या गालावर लावण्याआधी बरंच तपासायला लागेल.

---

ऊसकरी

सूक्ष्मदर्शीताई, एक मिनिट. तुम्ही हे जे सूत्रकृमीचं सांगितलं ते आम्ही उसात वापरतो की! हुमणीसाठी (मुळं खाणारी अळी) ईपीएन म्हणून मिळतं. पाण्यात मिसळून बुडख्याशी आळवणी करायची, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. वाफसा (जमिनीत बेताची ओल) लागतो, नाहीतर पैसे मातीत.

मी दोन वर्षं करतोय. आळवणीनंतर आठवड्याभराने उकरून पाहिलं तर हुमणी विटकरी लाल झालेली. मऊ, पण कुजलेली नाही. एरवी मेलेली हुमणी काळी पडते आणि उग्र घाण येते. ही आली नाही. आणि मुंग्या! आमच्या बांधावर काही मरून पडलं की तासाभरात मुंग्यांची रांग लागते. ह्या लाल हुमण्या दोन दिवस तशाच पडल्या होत्या, एक मुंगी फिरकली नाही. मी बायकोला म्हटलं, विषारी झाली वाटतं.

ह्याचा ह्या विषयाशी संबंध आहे का?

---

सूक्ष्मदर्शी

@ऊसकरी, संबंध? तुम्ही मूळ मुद्दाच बांधावर बसून पाहिलात!

तुमच्याकडची सूत्रकृमी हेटेरोऱ्हॅब्डायटिस जातीची असणार. तिच्या पोटात झेनोऱ्हॅब्डसचा चुलतभाऊ फोटोऱ्हॅब्डस असतो, आणि तो विटकरी रंग त्याचाच. (गडद अंधारात डोळे सरावले तर अशी अळी किंचित चमकतानाही दिसू शकते. बघून सांगा.)

आता मुंग्यांचं. मेलेली अळी हे त्या सूत्रकृमींचं घर आणि कोठार. पिल्लं तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात. तेवढ्यात मुंग्यांनी ती ओढून नेली तर सगळं कुटुंब गेलं. म्हणून जिवाणू अशी द्रव्यं बनवतो की मुंग्या तोंड लावत नाहीत, आणि आत दुसरे जिवाणू वाढत नाहीत, त्यामुळे कुजत नाही. मुंग्या दूर राहतात हे प्रयोगांत नीट तपासलेलं आहे. जो जिवाणू मुंग्यांना दूर ठेवतो त्याच्या जवळचा भाऊबंद डासांनाही दूर ठेवेल का, असं विचारायला मग जागा होते.

---

ऊसकरी

म्हणजे हुमणीचा रस अंगाला चोळायचा का? 😀 आज रात्री बॅटरी न घेता शेतात जाऊन चमकते का बघतो. बायको आधीच वेड्यात काढते.

---

खोडसाळ बोका

चोळा, पण पाय धुऊन. मी वाचलंय की डासांना पायाचा वास आवडतो. खरं की थाप?

---

सूक्ष्मदर्शी

खरं, आणि त्याला इग नोबेलही (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक) मिळालंय, २००६ साली. डच कीटकशास्त्रज्ञ बार्ट नोल्स आणि रूर्ड द याँग. आफ्रिकेतला हिवतापाचा डास अ‍ॅनोफिलीस गॅम्बी घोट्याखाली जास्त चावतो हे त्यांनी पाहिलं. पाय जंतुनाशक साबणाने धुतल्यावर चावे विखुरले. मग लक्षात आलं की लिंबर्गर नावाच्या चीजचा वास आणि न धुतलेल्या पायांचा वास जवळजवळ एक. कारण ते चीज ज्या जिवाणूने पिकतं त्याचा सख्खा नातेवाईक आपल्या बोटांच्या बेचक्यांत राहतो. चीज ठेवल्यावर डास खरंच आले.

घाम ताजा असतो तेव्हा त्याला फारसा वास नसतो. कातडीवरचे जिवाणू तो खाऊन जे सोडतात त्याला वास येतो. म्हणून "मला का जास्त चावतात, माझं रक्त गोड आहे का" याचं बरंचसं उत्तर रक्तात नसून कातडीवर आहे. २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये ४८ पुरुषांच्या कातडीवरचे जिवाणू तपासले. ज्यांच्याकडे डास जास्त गेले त्यांच्या अंगावर जिवाणू संख्येने जास्त पण प्रकार कमी. ज्यांच्याकडे कमी गेले त्यांच्या अंगावर प्रकार जास्त, त्यात स्यूडोमोनास वगैरे. म्हणजे जिवाणूंचा वास डासांना दूर ठेवत असेल, तर अशा मिश्र बिऱ्हाडाचा.

---

नवऱ्याला चावत नाहीत

माझ्या सदस्यनावावरून कळलंच असेल. एकाच पलंगावर झोपतो, मला दहा चावे आणि त्याला शून्य. बारा वर्षं झाली. अंघोळ मी दोनदा करते, तो एकदा (कशीबशी). आता कळलं, त्याच्या अंगावर प्रकार जास्त असणार!

---

कोकणातला

आमच्याकडे तिन्हीसांजेला धुरी असते. शेणी, कडुनिंबाचा पाला, वर थोडा धूप. डास जातात, माणसंही जातात. आजी अंगणात सताप लावायची. पानं चुरगळली की डोकं उठवणारा वास. साप येत नाही म्हणायची, डासांचं काही म्हणाली नाही. खोबरेल चोळून झोपलं की डास बसत नाही असं मात्र आमच्या घरात सगळेच मानतात. जिवाणू वगैरे तेव्हा कुणाला ठाऊक होते.

---

सूक्ष्मदर्शी

@कोकणातला, सतापाचं नाव काढलंत ते फार बरं झालं. सतापाच्या तेलातला मुख्य घटक २-अनडेकॅनोन. हेच द्रव्य अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात रानटी टोमॅटोच्या पानांत सापडलं आणि त्याचं डासरोधक बनवून २००७ मध्ये नोंदणीही झाली. धाग्याशी नातं असं, की कित्येक जिवाणूही हेच २-अनडेकॅनोन हवेत सोडतात, मातीतले स्यूडोमोनास त्यांतले एक. हा मात्र खरा वास, हवेत उडणारा. ढकलपत्राला काही आधार असलाच तर तो इथे आहे.

पण म्हणून सतापाचा रस अंगाला लावू नका! लावून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात. कुंडीत असू द्या.

खोबरेलाचं अर्धसत्य. तेलाने विशेष काही होत नाही. त्यातून सुटी केलेली आम्लं वापरली तर डास दूर राहतात, हे २०१८ मध्ये तपासलं गेलंय.

---

मॅडिसनकर

मी त्याच गावात राहते म्हणून लिहिते. इथे तळी इतकी आहेत की जूनमध्ये अंगणात बसणं मुश्कील. दुकानात अजून डीट आणि पिकारिडिनच. जिवाणूवालं काही मी तरी पाहिलेलं नाही. आईने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, "तुमच्या गावात शोध लागलाय ना, येताना चार बाटल्या आण". काय सांगणार.

---

फसलेला

बाटल्यांवरून आठवलं. मी मागच्या वर्षी ऑनलाइन एक "प्रोबायोटिक डासमुक्ती स्प्रे" घेतला होता. साडेचारशे रुपये. बाटलीवर कुठला जिवाणू, किती, काही लिहिलेलं नव्हतं. ताकाला येतो तसा आंबूस वास. फवारला, बाल्कनीत बसलो. पंधरा मिनिटांत कोपरावर तीन. तक्रार केली तर उत्तर आलं की सलग २१ दिवस वापरा. २१ दिवसांत डासाच्या दोन पिढ्या होतात हो!

---

सूक्ष्मदर्शी

@फसलेला, आंबूस वास म्हणजे बहुतेक लॅक्टिक आम्ल, आणि डासांना बोलावणाऱ्या वासांत लॅक्टिक आम्ल वरच्या नंबरावर. तुम्ही साडेचारशे रुपये देऊन निमंत्रणपत्रिका छापलीत.

गंमत म्हणजे २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात बरोबर याच्या उलटं केलं. कातडीवर नेहमी राहणारे दोन जिवाणू घेतले, स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस आणि एक कोरिनेबॅक्टेरियम, आणि त्यांची लॅक्टिक आम्ल बनवण्याची सोय जनुकांतून काढून टाकली. ते उंदरांच्या अंगावर वसवले तर डास जवळपास ६४ टक्क्यांपर्यंत कमी आले, आणि परिणाम ११ दिवस टिकला. डीट काही तासांत उतरतं हे लक्षात घ्या. मला विचाराल तर वाट पाहावी अशी दिशा ही आहे: वास फवारायचा नाही, वास बनवणारा भाडेकरूच बदलायचा. पण उंदरांवर झालंय. आणि जनुक बदललेला जिवाणू माझ्या अंगावरून माझ्या मुलाच्या अंगावर जाणारच, तेव्हा परवानगी देणाऱ्यांना घाम फुटेल. (त्यालाही डास येतील.)

---

नारायणकाका

मी आरोग्य खात्यात तीस वर्षं काढली, आता निवृत्त. अळ्या शोधत हजारो घरांच्या टाक्यांत डोकावलोय. आपली चर्चा वाचली, ज्ञानात भर पडली. पण दोन शब्द.

डेंगीचा डास गटारात होत नाही. लोक गटाराकडे बोट दाखवतात आणि फ्रिजमागच्या ट्रेमध्ये अळ्या वळवळत असतात. मनीप्लांटची बाटली, कूलर, गच्चीवरची फुटकी कुंडी, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी. आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा, भांडी घासून पालथी घाला. नुसतं पाणी ओतून चालत नाही. अंडी कडेला, पाण्याच्या रेषेच्या वर चिकटलेली असतात आणि कोरडी महिनोन्‌महिने तग धरतात. घासावंच लागतं.

आणि रानजाईताई, तुमचे ते दोन डबे. प्रयोग चांगला, पण विसरलात तर तुम्हीच इमारतीला डेंगी देणार. चार दिवसांच्या वर पाणी ठेवू नका.

अजून एक. जिवाणूंचंच म्हणाल तर आमच्या कामात बीटीआय आहे की. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात १९७६ साली सापडलेला जिवाणू, अळीनाशक. पाण्यात टाकला की अळ्या खातात आणि मरतात. मासे, माणसं, गुरं यांना काही होत नाही. पुदुच्चेरीच्या केंद्राने आपला देशी वाणही काढलाय. त्याला वास नाही, त्याचं ढकलपत्रही येत नाही.

---

रानजाई

काका, दर चौथ्या दिवशी घासतेय, देवाशप्पथ.

एक विचारायचं राहिलं. सासऱ्यांना ताप होता तेव्हा डास त्यांच्याच खोलीत जास्त दिसायचे. सासूबाई म्हणायच्या, आजारी माणसाला वास येतो. मी तेव्हा हसले होते.

---

सूक्ष्मदर्शी

हसू नका, सासूबाई बरोबर असू शकतात. चीनमधल्या छिंगह्वा विद्यापीठाच्या गटाने २०२२ मध्ये नेमकं हेच दाखवलं. डेंगी किंवा झिका झालेल्या उंदरांच्या कातडीवर बॅसिलस जातीचे जिवाणू वाढतात. एरवी कातडी एक प्रथिन बनवून त्यांना आवर घालते, विषाणू ते प्रथिनच कमी करतो. मग हे जिवाणू अ‍ॅसिटोफेनोन नावाचं द्रव्य जास्त सोडतात आणि एडीस तिकडे ओढला जातो. डेंगीच्या रुग्णांच्या अंगावरही हे द्रव्य जास्त आढळलं. विषाणूने जिवाणूकरवी डासाला निरोप धाडावा आणि पुढच्या घरी जायची गाडी मागवावी, असा प्रकार.

उंदरांना अ जीवनसत्त्वापासून बनवलेलं एक औषध दिल्यावर तो वास कमी झाला. हे वाचून कुणी दुकानातून ते औषध आणू नका. गरोदर बाईने घेतलं तर बाळाला गंभीर व्यंग येतं. काकांच्या भाषेत सांगायचं तर डेंगीच्या रुग्णाला मच्छरदाणीत ठेवा, आणि *दिवसासुद्धा*. एडीस दिवसा चावतो.

---

नारायणकाका

हे आम्ही वर्षानुवर्षं घरोघर सांगत आलो, रुग्णाला मच्छरदाणीत झोपवा. कारण इतकं बारीक ठाऊक नव्हतं. धन्यवाद.

---

ऊसकरी

अपडेट. रात्री साडेदहाला गेलो, वीस मिनिटं अंधारात बसलो. चमकल्यासारखी वाटली. एकदा वाटली, एकदा नाही. तोवर डासांनी फोडून काढलं.

---

रानजाई

निकाल लावतेय. तीन फेऱ्या झाल्या, प्रत्येकी चार दिवस. पट्ट्या भिंगाखाली धरून टाचणीच्या टोकाने मोजल्या. अंडी खसखशीपेक्षाही बारीक, लांबुळकी, काळी. एक-दोन पांढरी होती, ती ताजी. तासा-दोन तासांत माझ्या डोळ्यांदेखत काळी पडली. पाण्याच्या रेषेच्या अगदी वर, शिवण घातल्यासारखी.

पहिली फेरी: साधं पाणी १९, बिटाचं पाणी ६१. मी नाचलेच.
दुसरी: साधं २७, बिटाचं ४४.
तिसरी: साधं ३८, बिटाचं ३१. इथे पाऊस पडला आणि डबे काठोकाठ भरले. शिवाय बिटाचं पाणी आंबून त्यावर साय धरली होती. वास मातीचा राहिलाच नव्हता.

दोन डबे आणि तीन फेऱ्या म्हणजे शास्त्र नव्हे, कळतंय मला. डब्यांच्या जागा अदलाबदल करायला हव्या होत्या, तेही सुचलं नाही.

पण बिटाचा डबा ठेवायच्या आधी गच्चीवर डास अंडी घालतात हेच मला माहीत नव्हतं. १९ अंडी *साध्या* पाण्यात, चार दिवसांत, तिसऱ्या मजल्यावर! काकांचं ऐकून फ्रिजचा ट्रे काढला. काय होतं ते लिहीत नाही, लोक जेवत असतील.

---

नारायणकाका

पट्ट्यांचं काय केलंत? कचऱ्यात टाकल्यात की काय?

---

रानजाई

नाही काका. पातेल्यात उकळून मग टाकल्या. पातेलं जुनं, तेही टाकलं.

---

खोडसाळ बोका

माझा प्रश्न पहिल्या प्रतिसादापासून लटकलाय. बिटाचं काय केलंत?

---

रानजाई

कोशिंबीर. तीन फेऱ्यांची तीनदा. सासरे म्हणाले, आता पुढचा प्रयोग काकडीवर कर.